परुळेकरांचा कठडा

शनिवारी सकाळी साडेनऊला सुनंदाबाई गॅलरीत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, तेव्हा गाद्यांचा टेम्पो घरात आला. अगदी पूर्ण घरात नाही. कुंपणाची भिंत, मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणि गॅलरीचं ग्रिल एवढं ओलांडून तो कोथिंबिरीच्या जुडीपासून दोन हातांवर थांबला. हौद्यातल्या दोन गाद्या सुटून टपावरून पुढे आल्या आणि त्यातली एक सुनंदाबाईंच्या पायाशी येऊन उलगडली. ड्रायव्हरनं काच खाली केली, आत डोकावून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मावशी, बी विंग हीच का?"

"ही सी विंग," सुनंदाबाई म्हणाल्या. "बी विंग वर राहिली. आणि पुढच्या वेळी बेल वाजव."

आवाज ऐकून शरच्चंद्र परुळेकर गालाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत आले. त्यांनी टेम्पो पाहिला, मोडलेली भिंत पाहिली, वर रस्त्याकडे पाहिलं, आणि डोळे बारीक करून विचारलं, "किती अंशात आला गं?"

"अहो, मी जिवंत आहे का ते तरी आधी विचारा!"

"ते दिसतंय की. कोन महत्त्वाचा असतो."

यात परुळेकरांचा दोष नव्हता. महामार्गांच्या कडेला लावायचे कठडे बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कठडा त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाला नव्हता. लग्नानंतर महाबळेश्वरला जाताना सगळी जोडपी दरीकडे बघत होती, तेव्हा हे गृहस्थ दरी आणि गाडी यांच्यामधलं बांधकाम बघत होते आणि नव्या नवरीला ते किती कच्चं आहे हे समजावून सांगत होते. सुनंदाबाई त्या प्रवासात देवाचं नाव घ्यायला शिकल्या.

तर नवसंतोष सोसायटी ही मुलुंडला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. फाटक वरच्या अंगाला. तिथून आतला रस्ता ए विंग, बी विंग करत उतरत येतो आणि खाली एकदम उजवीकडे वळतो. जो वळत नाही तो परुळेकरांकडे येतो. तळमजल्यावरच्या या घरात परुळेकर नवरा-बायको तीस वर्षं राहत होते. मागच्या दीड वर्षात आधी दूधवाल्याची स्कूटर आली, मग आतल्या प्रवाशासकट एक रिक्षा आली, आणि आता टेम्पो. पाहुणे चढत्या भाजणीनं येत होते.

सुनंदाबाईंनी पायाशी पडलेल्या गादीवर बसूनच मुलाला फोन लावला. सुशांत पवईला चौदाव्या मजल्यावर राहत होता आणि आईबाबांनी तिकडे यावं म्हणून दोन वर्षं मागे लागला होता.

"आई, बस झालं आता. ते घर विकून टाका आणि या इकडे. चौदाव्या मजल्यावर टेम्पो येत नाही."

सुनंदाबाईंनी फोन कानाला तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? तीन झाल्या. आता चौथी गाडी आली की त्याच दिवशी मी पवईला. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर बसा इथे कोन मोजत."

परुळेकरांनी गालावरचा साबण हातानंच पुसला. सुनंदाबाई उगाच धमकी देणाऱ्यातल्या नव्हत्या. या घराशिवाय आपण कुठे राहू शकतो ही कल्पनाच परुळेकरांना कधी शिवली नव्हती. इथली फरशी त्यांनी स्वतः बसवून घेतली होती, गॅलरीतून दिसणारा डोंगर त्यांना घरचा वाटायचा. मात्र या धास्तीबरोबरच मनात कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. एकतीस वर्षं ज्याचा अभ्यास केला ते अखेर स्वतःच्या दारात लावायची वेळ आली होती.

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा भरली. परुळेकर बगलेत नकाशांची गुंडाळी घेऊन हजर झाले आणि सेक्रेटरी सुबोधनं "काका, दोन मिनिटांत सांगा" म्हटल्यावर त्यांनी पाऊण तास घेतला.

"कठडे तीन जातींचे," ते म्हणाले. "नरम, मध्यम आणि कडक."

"भाऊजी, चहा सांगताय का?" तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि सोसायटीतल्या समस्त ज्येष्ठांच्या पुढारी. संध्याकाळी ही बाराजणांची टोळी पंपाच्या खोलीच्या पायऱ्यांवर बसायची आणि बसायला धड जागा नाही याबद्दल रोज ठराव करायची.

"नरम म्हणजे तारांच्या दोरांचा. खांबाखांबांना चार जाड दोर ताणून बांधायचे. गाडी आली की दोर ताणतात, तिला अलगद झेलतात."

"चार दोर?" कुंदाताई पुढे सरसावल्या. "किती लांब?"

"तीस मीटर."

"मग घ्या हो हेच! दोन विंगांच्या चादरी वाळतील."

परुळेकरांनी घाईघाईनं तो नकाशा गुंडाळला आणि मध्यम जातीचा उघडला. हा त्यांचा लाडका. दोन पन्हळींचा लांबच लांब पत्रा, खांबांवर नटबोल्टांनी बसवलेला. मुंबईहून कुठेही जा, रस्त्याच्या कडेनं हाच सोबत येतो. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळवा झाला. "गाडी आदळली की हा स्वतः वाकतो, पण माणसाला वाचवतो. याच्यातच तीन पन्हळींचाही येतो, तो ट्रकसाठी."

"काका, पत्रा नको," सुबोध म्हणाला. "मागच्या वर्षी आपली गटाराची झाकणं गेली, ती सिमेंटात बसवलेली होती. हा तर नटबोल्टवाला. पाना घेऊन येतील आणि उचलून नेतील, आठ दिवस राहणार नाही."

परुळेकरांना हे फार लागलं. पण ते खचले नाहीत. त्यांनी प्लास्टिकच्या पोकळ अडथळ्यांचं चित्र दाखवलं. "हे हलके असतात. जागेवर ठेवायचे आणि आत पाणी भरायचं."

सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"पाणी?" मागून कोणीतरी विचारलं. "इथे टँकर मागवून आम्ही आंघोळी करतोय आणि रस्त्याला पाणी पाजायचं?"

"बरं, मग कडक. काँक्रीटचा सलग कठडा. आमच्यात त्याला न्यू जर्सी म्हणतात."

"न्यू जर्सी?" सुबोधचा चेहरा उजळला. "माझ्या मेहुणीचा मुलगा तिकडेच आहे. त्याला विचारू का?"

शेवटी काँक्रीट ठरलं, कारण ते चोरीला जात नाही, पाणी पीत नाही आणि त्यावर चादरी नीट वाळत नाहीत. प्रश्न राहिला बांधायचा कोणी. तेव्हा सगळ्यांना एकदम अनिरुद्धभाऊ आठवले. अनिरुद्धभाऊ हे भागातले भावी नगरसेवक होते. गेली कित्येक वर्षं ते भावीच होते, त्यामुळे त्यांचा उत्साह अजिबात कमी झाला नव्हता. कोणाच्याही सोसायटीत काहीही बांधून द्यायला ते एका पायावर तयार असत, फक्त वर नाव आणि फोटो पाहिजे. सुबोधनं सभेतूनच त्यांना फोन लावला आणि एक बांधकाम आहे एवढंच सांगितलं.

"करू की!" भाऊ म्हणाले. "फक्त एक अर्ज पाठवा काकांना सांगून. मराठीत पाहिजे हां, मी बॅनरवर लावतो."

अर्ज मराठीत म्हटल्यावर परुळेकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नोकरीत असताना 'क्रॅश बॅरिअर' म्हणणाऱ्या कनिष्ठांना ते "कठडा म्हणा, जीभ झडणार नाही" असं सुनवायचे. अडचण एकच होती. त्यांचा वाचायचा चष्मा सकाळी गॅलरीच्या कट्ट्यावर होता आणि आता तो टेम्पोच्या पुढच्या चाकाखाली सापडला होता. नवा यायला चार दिवस होते. पण सुशांतनं दिलेल्या फोनमध्ये बोललं की आपोआप लिहिलं जायची सोय होती. रविवारी सकाळी परुळेकर मोडक्या गॅलरीत उभे राहिले, फोन तोंडासमोर धरला आणि घसा साफ करून खणखणीत आवाजात सुरू झाले. शेजारी गवंडी उरलेली भिंत पाडत होते.

"महोदय. आमच्या सोसायटीतील उतारावरच्या वळणावर काँक्रीटचा एक भक्कम कठडा बांधून मिळावा, ही नम्र विनंती. कठडा तीस मीटर लांब व जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच असावा. पाया दीड फूट खोल घेऊन आत सळ्या टाकाव्यात. कठड्याने वळणाची गोलाई घ्यावी. दोन्ही टोके उतरती करून जमिनीत मिसळवावीत, कारण शेवट नीट नसेल तर फार हाल होतात. कठड्यावर लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या असाव्यात. येणाऱ्याला इजा न होता त्याचा वेग हळूहळू कमी व्हावा व त्याला पुन्हा योग्य मार्गाला लावावे, हाच कठड्याचा हेतू आहे."

"झकास," स्वतःवरच खूश होऊन ते म्हणाले, आणि तेही फोननं लिहून घेतलं. त्यांनी अर्ज सुबोधला पाठवला, सुबोधनं न वाचता भाऊंना पाठवला, आणि गॅलरीचं काम होईपर्यंत पंधरा दिवस परुळेकर नवरा-बायको पवईला गेले.

पवईचं घर छान होतं. खाली तलाव, वर वारा, मध्ये लिफ्ट. सुशांत आणि त्याची बायको निधी सकाळी नऊला बाहेर पडत आणि मग दिवसभर दाराची बेल फक्त पार्सलवाले वाजवत. तिसऱ्या दिवशी कढीपत्ता मागायला सुनंदाबाईंनी शेजारची बेल दाबली. दार उघडलं नाही. दाराशेजारच्या डबीतून एक आवाज आला, "येस?" डबीकडे कढीपत्ता कसा मागायचा हे न कळून सुनंदाबाई परत आल्या आणि त्यांनी बिनफोडणीची आमटी केली.

"किती शांत आहे ना इथे?" त्या रोज संध्याकाळी म्हणायच्या.

"आहे खरं," परुळेकर म्हणायचे. मग दोघं तलावाकडे बघत बसायचे.

पंधरा दिवसांनी रिक्षा नवसंतोषच्या फाटकातून आत शिरली तेव्हा परुळेकर सीटच्या कडेवर येऊन बसले होते. रिक्षा उतरली, वळणाशी आली, आणि त्यांना त्यांचा कठडा दिसला. तीस मीटर लांब, गोलाईदार, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, टोकं जमिनीत गेलेली. पण वर काळ्याभोर ग्रॅनाइटची गुळगुळीत फरशी होती आणि त्या फरशीवर बाराच्या बारा ज्येष्ठ नागरिक ओळीनं बसले होते. ऐंशी सेंटिमीटर उंचीमुळे एकाचेही पाय जमिनीला टेकत नव्हते. चोवीस पाय अधांतरी हलत होते. वर फलक होता: 'ज्येष्ठ नागरिक कट्टा. संकल्पना: श्री. शरच्चंद्र परुळेकर. सौजन्य: भावी नगरसेवक अनिरुद्धभाऊ.' सोबत परुळेकरांचा सुशांतच्या लग्नातला, फेटा घातलेला फोटो.

"भाऊजी, तोड नाही तुम्हाला!" कुंदाताई वरूनच ओरडल्या. उतरायचं तर त्यांना दोघांची मदत लागली असती. "सभेत कठडा म्हणालात आणि अर्जात आमचा कट्टा मागितलात! आम्ही वीस वर्षं बोंबलतोय आणि तुम्ही एका अर्जात करून दाखवलंत! फक्त जरा उंच झालाय बघा. मी घरून पाट आणलाय चढायला."

गवंडी दत्ताराम टोकाशी बसून शेवटचं प्लास्टर घोटत होता. त्याला त्यांनी बाजूला घेतलं.

"दत्ताराम, हे काय केलंस रे?"

"साहेबानू, कागदार लिवलला हा तसाच केलंय," दत्ताराम अभिमानानं म्हणाला. "भाऊंनी सांगल्यानी, एक अक्षर इकडचा तिकडे होता नये. तीस मीटर कट्टो मी जन्मात बांधूक नाय. माका वाटला, म्हातारी माणसा जास्त असतली."

त्यानं खिशातून सिमेंटानं माखलेला कागद काढला. परुळेकरांनी नवा चष्मा चढवला आणि स्वतःचा अर्ज पहिल्यांदा वाचला. 'काँक्रीटचा एक भक्कम कट्टा बांधून मिळावा.' 'कट्टा तीस मीटर लांब.' 'कट्ट्याने वळणाची गोलाई घ्यावी.' हातोड्यांच्या आवाजात फोननं प्रत्येक कठड्याचा इमानेइतबारे कट्टा केला होता. शेवटी 'झकास' होतं. परुळेकरांनी कपाळाला हात लावला.

"आणि ती पट्टी कशाला लावली असं नाही वाटलं तुला? लाल-पांढरी?"

"वाटला. पण भाऊ म्हणाले, म्हाताऱ्यांका काळोखात कट्टो दिसाक होयो."

घरात आल्यावर परुळेकर पाणीसुद्धा न पिता खुर्चीत बसले. "सुनंदा, वाट लागली. माणसं नेमकी तिथे बसलीत जिथे गाडी येते. एकतीस वर्षं मी माणसाच्या आणि गाडीच्या मध्ये कठडा घालत आलो. आणि आता कठडा आणि गाडी यांच्या मध्ये माणसं घातली!"

"मग सांगा की त्यांना."

त्यांनी सांगितलं. संध्याकाळी जाऊन एकेकाला हात जोडून सांगितलं, की हा कट्टा नाही, कठडा आहे, इथे बसू नका. मंडळींना तो विनय वाटला. "मोठा माणूस!" कुंदाताई म्हणाल्या. "आपण केलेलं आपलं म्हणत नाही." सुबोधकडे गेले तर तो म्हणाला, "काका, आता काही बोलू नका यार. रविवारी उद्घाटन आहे, भाऊंनी दीडशे वडे सांगितलेत." भाऊंना फोन केला तर भाऊ म्हणाले, "काका, तो अर्ज मी तीन वेळा वाचला. डोळ्यात पाणी आलं." आणि त्यांनी फोन ठेवला, बहुतेक डोळे पुसायला.

रविवार उजाडला. संध्याकाळी पाचला अनिरुद्धभाऊंची पांढरी थोरली गाडी फाटकातून आत आली. तिच्या डाव्या अंगावर मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत भाऊंचा हसरा चेहरा चिकटवलेला होता. ड्रायव्हरनं ती उतारावर बी विंगसमोर लावली आणि भाऊंचा व्हिडिओ काढायला तो खाली धावला. कट्ट्याला रिबीन बांधलेली होती, तिच्यामागे बारा ज्येष्ठ पाय लोंबकळत फोटोसाठी बसले होते. वडे परुळेकरांच्या नव्या गॅलरीत मांडले होते, कारण सावली तिथेच होती.

"मित्रहो," भाऊंनी माईक धरला. "शरच्चंद्रकाकांनी अर्जात काय लिहिलंय ऐका. 'येणाऱ्याचा वेग हळूहळू कमी व्हावा व त्याला पुन्हा योग्य मार्गाला लावावे.' म्हातारपणाबद्दल असं कोणी लिहिलंय? 'शेवट नीट नसेल तर फार हाल होतात.' काका, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?"

टाळ्या पडल्या. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. भाऊंनी माईक परुळेकरांच्या हातात दिला. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं परुळेकरांनी ठरवलं.

"मंडळी, मी कट्टा मागितलाच नव्हता. माझ्या फोनची चूक झाली. ही जागा धोक्याची आहे. माझी हात जोडून विनंती आहे, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता उठा."

सगळे हसले. पुन्हा टाळ्या पडल्या. एकही माणूस जागचा हलला नाही. परुळेकरांनी हताश होऊन गॅलरीकडे पाहिलं. तिथे सुनंदाबाई वड्यांच्या परातीजवळ उभ्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा असा रडवेला झालेला त्यांनी एकदा-दोनदाच पाहिला होता. त्यांनी पदर खोचला आणि माईकशिवाय सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"वडे गरम आहेत! इकडे दारात या, नाहीतर वरच्या विंगवाले संपवतील!"

अर्ध्या मिनिटात कट्टा रिकामा झाला. कुंदाताई पाटाशिवाय उतरल्या. रिबीन कापायची राहिली आहे असं भाऊ म्हणत होते, पण तेही म्हणत म्हणत गॅलरीकडेच निघाले होते. आणि तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "अरे गाडी! गाडी!"

भाऊंचा ड्रायव्हर व्हिडिओच्या घाईत हँडब्रेक लावायला विसरला होता. गाडी आधी संथपणे निघाली, मग तिनं वेग धरला. आत कोणी नाही, बाहेर भाऊ हसतायत, अशी ती उतारावरून थेट परुळेकरांच्या घराकडे यायला लागली. वडे हातातच राहिले. सुनंदाबाईंनी डोळे मिटले आणि महाबळेश्वरला शिकलेलं नाव पुन्हा घेतलं.

गाडी कट्ट्याला तिरकी लागली. पुढचं चाक जरासं वर चढलं, खाली आलं, आणि मग गाडीनं कट्ट्याला डावं अंग घासत वळण घ्यायला सुरुवात केली. कर्रर्र आवाज करत ती त्या तीस मीटरच्या गोलाईवरून फिरत गेली, हळू झाली, आणखी हळू झाली आणि टोकाशी येऊन योग्य दिशेला तोंड करून उभी राहिली. कट्ट्याचा टवकाही उडाला नव्हता.

सगळे हातात वडा धरून उभे असताना एकटे परुळेकर टाळ्या वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नोकरीतल्या एकतीस वर्षांत त्यांनी हे फक्त चित्रफितीत पाहिलं होतं. "वा! काय वळली! वा रे दत्ताराम!"

"काका, माझी गाडी," भाऊ कसेबसे म्हणाले. गाडीच्या डाव्या अंगावर भाऊंचे दोन कान तेवढे शाबूत होते, मधला सगळा चेहरा घासून पत्रा उघडा पडला होता.

"गाडीचं काय घेऊन बसलात भाऊ, कोन बघा, कोन! पंधरा अंशांच्या वर नाही!"

भाऊ कच्चे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर नवा बॅनर होता: 'स्वतःच्या गाडीवर चाचणी घेऊन मगच जनतेला देणारे एकमेव भावी नगरसेवक.' परुळेकर मात्र दारोदार जाऊन खरं सांगत राहिले, की आपल्याला खरोखरच कठडा पाहिजे होता. आता सगळ्यांना ते पटलं. पण फोनच्या चुकीवर कोणीच विश्वास ठेवला नाही. काकांनी मुद्दाम कट्ट्याच्या नावाखाली कठडा बांधून घेतला, असं सुबोध सगळ्यांना सांगत सुटला होता.

बातमी पवईला पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सुशांतचा फोन आला. सुनंदाबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि परुळेकर ऐकायला जवळ सरकले.

"आई, चौथी गाडी आली म्हणे! चल आता, बॅगा भर. तूच म्हणाली होतीस."

सुनंदाबाईंनी गॅलरीबाहेर पाहिलं. ग्रिल जागेवर होतं. नव्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळी धरली होती.

"आली कुठे रे?" त्या म्हणाल्या. "दारावरून गेली."

परुळेकरांचा जीव भांड्यात पडला.

पण त्या दिवसापासून कट्ट्यावर बसायची कोणाची हिंमत होईना. पंपाच्या पायऱ्यांवर परत जाणं हा अपमान होता. तेव्हा बाराही ज्येष्ठ संध्याकाळी पाच वाजता, जिथे वडे खाल्ले होते तिथेच, परुळेकरांच्या गॅलरीत येऊन बसू लागले. समोर भक्कम कठडा, मागे सुनंदाबाईंचं स्वयंपाकघर. यापेक्षा सुरक्षित जागा मुलुंडमध्ये नाही असा कुंदाताईंनी ठरावच केला. आधी नुसता चहा होता. मग चहाबरोबर काहीतरी झालं. मग कुंदाताई स्वतःचा पाट इथेच ठेवून जायला लागल्या.

"गाड्या परवडल्या," एका संध्याकाळी सुनंदाबाई आत येऊन म्हणाल्या. "त्या दीड वर्षात तीनदा आल्या. आणि चहा मागत नव्हत्या. अहो, भाऊंना पुन्हा अर्ज करा. बागेजवळ यांना बसायला एक खराखुरा कट्टा बांधून द्या म्हणावं."

परुळेकरांनी फोन तोंडासमोर धरला आणि एकेक अक्षर चावून बोलले. पण गॅलरीत पत्ते रंगले होते आणि कुंदाताई कोणाला तरी मोठ्यानं खडसावत होत्या. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवेना, म्हणून त्यांनी फोन सुनंदाबाईंकडे दिला. "बघ गं, कट्टाच लिहिलंय ना नीट?"

सुनंदाबाईंनी फोन हातभर लांब धरून सावकाश वाचलं. बाहेरून हसण्याचा कल्लोळ आला, तिकडे एकदा पाहिलं. "अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच बोटानं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा फ्रिजवर सापडला तेव्हा परुळेकरांनी पाठवलेला अर्ज उघडला. 'बागेजवळ एक भक्कम कठडा बांधून मिळावा.' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कठडाच कठडा होता. ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"तू वाचलं होतंस ना काल?"

"वाचलं की."

"मग यात कठडा आलाय!"

"असेल. मला काय कळतं त्यातलं, तुम्ही तज्ज्ञ," सुनंदाबाई म्हणाल्या. पाच वाजत आले होते. त्यांनी मोठं पातेलं गॅसवर ठेवलं आणि फडताळातून एकेक करत बारा कप खाली काढले.